हायरूल कसं फिरायचं: झेल्डा, ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये काय जपायचं आणि काय उडवायचं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा कराडवरनं आमच्याकडं गोडोलीला आला तो हातात स्विच म्हणजे निन्टेंडोचा गेम खेळायचा कन्सोल घेऊनच, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला, आणि त्यात गेम एकच, झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड. दोन दिवस खेळला आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणाला, मामा या गेममध्ये काही होतच नाही, नुसतं चालायचं, तलवार मोडती, आणि लांब कुठं गेलं की मरतोय. मी हा गेम दोनदा पूर्ण केलाय आणि तिसऱ्यांदा चालू आहे, त्यामुळं त्याच्याजवळ बसलो आणि पुढचे चार दिवस आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही. तेव्हा त्याला जे सांगितलं ते इथं लिहून काढतोय, कारण गेम जरी ३ मार्च २०१७ ला आलेला असला तरी लोक अजून पहिल्यांदा हातात घेतायत आणि बरीच मंडळी त्याच जागी अडकतात, पहिल्या दहा तासांत.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. या गेममध्ये जे मिळतं ते दोन जातीचं असतं. एक मोडणारं, म्हणजे तलवारी, भाले, धनुष्यं, ढाली, बाण, शिजवलेलं जेवण. दुसरं कायमचं, म्हणजे हार्ट (जीव), स्टॅमिना (दम), सामानाच्या जागा, कपडे आणि मॅपवर उघडलेली ठिकाणं. मोडणारं उडवायचं आणि त्याच्या जिवावर कायमचं मिळवायचं. भाचा नेमकं उलटं करत होता, चांगली तलवार मिळाली की ठेवून द्यायचा, फांदी घेऊन लढायचा आणि मरायचा. आमच्या आजीनं नव्या साड्या अशाच ट्रंकेत ठेवल्या होत्या, त्या तिथंच विरल्या, हे त्याला सांगितल्यावर पटलं.

आता फिरायचं कसं. मी त्याला स्विच बंद करायला लावला आणि सकाळी अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेलो. वर टीव्हीचा टॉवर आहे तिथनं तटावर आलो आणि म्हणलं गोल फिरून बघ काय काय दिसतंय. सज्जनगड त्यानं लगेच ओळखला, यवतेश्वरचं पठार ओळखलं, जरंडेश्वर सांगितला, मग लांबवर दोन सारखे डोंगर शेजारी शेजारी दिसले ते चंदन-वंदन हे मी सांगितलं, कल्याणगड दाखवला. म्हणलं यातले तीन निवड, एक जवळचा, एक लांबचा आणि एक असा जो बघून तुला प्रश्न पडला. त्यानं सज्जनगड, जरंडेश्वर आणि चंदन-वंदन निवडले, दोन डोंगर सारखेच का म्हणून. झालं, हाच गेम आहे. उंच जागी जायचं, गोल फिरून बघायचं, तीन गोष्टी निवडायच्या, निघायचं. वाटेत चौथी गोष्ट दिसली तर तिकडं वळायचं आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

गेम बनवणाऱ्यांनी हे ठरवूनच केलंय. डायरेक्टर हिदेमारो फुजिबायाशी यांच्या टीमनं २०१७ साली जपानमधल्या सेडेक नावाच्या परिषदेत सांगितलं होतं की हायरूलची, म्हणजे गेममधल्या राज्याची, जमीन त्यांनी त्रिकोणांवर रचलीय. डोंगर, टेकाड, खडक सगळं त्रिकोणी, म्हणजे समोर आलं की दोनच रस्ते, वरनं चढून जा नाहीतर वळसा घाल, आणि वळसा घातला की पलीकडं लपलेलं काहीतरी हळूहळू बाहेर येतं. आपण घाटात राहणारी माणसं, आपल्याला हे नवीन नाही, कास रोडला प्रत्येक वळणाला तेच होतं.

आता सुरुवातीपासून घेऊ.

गेम ग्रेट प्लॅटोवर सुरू होतो. प्लॅटो म्हणजे आपला सडाच, वर सपाट आणि चारी बाजूनं कडे, खाली उडी मारली की मेला. तिथं एक म्हातारा भेटतो, तो पॅराग्लायडर दाखवतो आणि म्हणतो चार श्राइन करून ये. श्राइन म्हणजे छोटं भुयारी देऊळ समजा, आत एखादं कोडं किंवा लढाई, शेवटी एक स्पिरिट ऑर्ब मिळतो. प्लॅटोवरच्या चार श्राइनमध्ये चार शक्ती मिळतात, मॅग्नेसिस म्हणजे लोखंड उचलायचं, बॉम्ब, स्टेसिस म्हणजे वस्तू जागेवर थांबवायची आणि क्रायोनिस म्हणजे पाण्यातनं बर्फाचा खांब काढायचा. या चारच शक्ती शेवटपर्यंत पुरतात. म्हणून प्लॅटोवर घाई करू नका, पाच तास गेले तरी जाऊ देत.

बहुतेकजण अडकतात ते थंडीत. दोन श्राइन बर्फाच्या बाजूला आहेत आणि उघड्या अंगानं गेलं की हार्ट कमी व्हायला लागतात. भाचा पळत पळत जाऊन वाटेत मरत होता, सहा वेळा मेला. उपाय साधा आहे, मिरच्या. प्लॅटोवर लाल मिरच्यांची झुडपं आहेत, देवळाच्या पडक्या भागात आणि म्हाताऱ्याच्या खोपटाच्या बाजूनं फिरलात तर सापडतातच. पाच मिरच्या गोळा करा, पेटलेल्या चुलीवरच्या पातेल्याजवळ जा, सामानाच्या पानावर मिरचीवर जाऊन हातात धरायचा पर्याय घ्या, पाचही हातात घेतल्या की पान बंद करा आणि पातेल्यासमोर उभं राहून कुक दाबा. ते संगीत वाजतं, भांड्यात सगळं नाचतं आणि जी डिश तयार होते ती खाल्ली की बारा मिनिटांच्या वर थंडी वाजत नाही. तेवढ्यात दोन्ही श्राइन होतात. पेटती मशाल हातात धरून चाललं तरी ऊब मिळते पण मग नीट लढता येत नाही. आणखी एक, म्हाताऱ्याच्या खोपटात त्याची डायरी आहे ती वाचा, त्यात एका पदार्थाबद्दल लिहिलंय पण एक जिन्नस तो विसरलाय. कच्चं मांस, मिरची आणि हायरूल बास नावाचा मासा एकत्र शिजवून त्याला नेऊन दाखवा, तो उबदार अंगरखा देतो, तो कायमचा. बघा, मोडणाऱ्या वस्तूतनं कायमची वस्तू, पहिल्याच तासात.

स्वयंपाकाचा एक नियम इथंच शिका, एका पातेल्यात दोन वेगवेगळ्या गुणाचे जिन्नस टाकायचे नाहीत. थंडीची मिरची आणि वेगाचं काहीतरी एकत्र केलं तर दोन्ही गुण जातात, नुसती पोटभर भाजी होते. एकच गुण धरा आणि त्यात मांस किंवा सफरचंद वाढवा.

चार श्राइन झाले, पॅराग्लायडर मिळाला, आता खाली उतरायचं. आणि इथं भाच्यानं दुसरी चूक केली, सरळ हायरूल कॅसलकडं निघाला कारण मधोमध तेच मोठं दिसतं. गेम तुम्हाला अडवत नाही, जायचं तर जा, पण वाटेत गार्डियन म्हणजे यंत्राचे राखणदार आहेत, त्यांच्या डोळ्यातनं लाल रेघ तुमच्यावर आली की समजायचं, तीन हार्टमध्ये एकच फटका पुरतो. पूर्वेला दोन फाकळ्या झालेला डोंगर दिसतो ना, ड्युएलिंग पीक्स, तिकडं जा. भाचा म्हणाला मामा हे तर चंदन-वंदन. म्हणलं तसंच समज, फक्त यांच्या मधनं नदी जाते. त्या खिंडीतनं चालत गेलं की घोड्यांचा तबेला लागतो, तिथनं काकारिको गाव, मग हातेनो गाव. हा रस्ता नवख्यासाठी बरोबर आहे, शत्रू हलके, श्राइन भरपूर. पीक्सच्या पायथ्याला री दाही नावाचं श्राइन आहे, त्यातल्या पेटीत डोक्याला बांधायचा क्लाइंबर्स बँडाना मिळतो, तो घातला की चढायचा वेग वाढतो. तो सोडून पुढं जाऊ नका.

टॉवरचं नीट सांगतो कारण इथं गैरसमज लई आहे. हायरूलमध्ये प्लॅटोचा धरून १५ टॉवर आहेत, वर चढून स्लेट म्हणजे आपल्या हिरोकडची पाटी लावली की त्या भागाचा मॅप उघडतो. पण फक्त जमीन दिसते, डोंगर, नद्या. श्राइन, पेट्या, कोडी यातलं काहीच मॅपवर येत नाही. इतर ओपन वर्ल्ड गेम खेळून आलेल्याला वाटतं टॉवर घेतला की सगळे आयकॉन दिसतील, मग काहीच दिसत नाही म्हणून तो लगेच खाली उडी मारतो आणि टॉवरचा खरा फायदा वरच राहतो. वर गेल्यावर निदान पाच मिनिटं थांबा. उजवी स्टिक दाबली की दुर्बीण उघडते, तिच्यातनं गोल फिरून बघा आणि जे वेगळं वाटेल त्यावर पिन मारा. न उघडलेलं श्राइन नारिंगी चमकतं, रात्री तर फारच लांबनं दिसतं, म्हणून मी मुद्दाम अंधार पडेपर्यंत शेकोटीजवळ वेळ काढतो आणि मग टॉवरवर जातो. धूर दिसला तर छावणी असते नाहीतर तबेला. डोंगराच्या माथ्यावर एकटंच झाड, पाण्यात गोल मांडलेले दगड, कड्याच्या मधोमध सपाट फळी, हे सगळं कुणीतरी ठेवलेलं आहे. या गेममध्ये उगाच काही नसतं यावर विश्वास ठेवा.

श्राइनजवळ पोचलात आणि वेळ नसला किंवा आतलं कोडं सुटत नसलं तरी बाहेरच्या खांबाला स्लेट लावून ठेवा. तेवढ्यानं ते मॅपवर येतं आणि कुठनंही तिथं झटक्यात जाता येतं. मी एसटीनं पुण्याला जाताना खेळायचो तेव्हा खंबाटकी येईपर्यंत नुसते असे खांब लावत जायचो आणि कोडी घरी आल्यावर निवांत सोडवायचो.

आता ऑर्ब. एकूण १२० श्राइन, प्रत्येकाचा एक ऑर्ब, आणि चार ऑर्ब देवीच्या मूर्तीसमोर दिले की एक हार्ट किंवा स्टॅमिनाच्या चाकाचा पाचवा भाग मिळतो. म्हणजे एकूण ३० वेळा निवडायला मिळतं. सुरुवात तीन हार्ट आणि एका चाकावर असते, स्टॅमिना वाढून वाढून तीन चाकं होतो. हार्ट घ्यायचा का स्टॅमिना यावर लोक भांडतात, माझं मत स्पष्ट आहे, आधी स्टॅमिना. निदान पहिले पाच वेळा स्टॅमिनाच घ्या म्हणजे दोन चाकं होतात. हार्ट वाढला तर तुम्ही एक फटका जास्त खाऊ शकता, पण स्टॅमिना वाढला तर कडा चढता येतो, लांब तरंगत जाता येतं, म्हणजे जिथं फटका बसणार होता ती जागाच वरनं ओलांडता येते. आणि हार्टची कमी जेवणानं भरून निघते. फॅरॉन टॉवर ज्या पठारावर आहे तिथं ड्युरियनची झाडं आहेत, दिसायला छोट्या फणसासारखं काटेरी फळ, नावात हार्टी आहे. एकच ड्युरियन शिजवला तरी सगळे हार्ट भरतात आणि वर चार पिवळे जास्तीचे येतात. तिथनं वीस पंचवीस घेऊन या, महिनाभर बघायला नको.

दोन चाकं झाली की मग हार्टकडं वळा, कारण मास्टर सोर्ड उपसायला १३ हार्ट लागतात, पिवळे जास्तीचे त्यात धरत नाहीत. चार डिव्हाइन बीस्ट म्हणजे ते चार मोठे यंत्रप्राणी जिंकले की प्रत्येकी एक हार्ट आपोआप मिळतो, तेव्हा तीन आणि चार सात, उरले सहा, त्याला २४ ऑर्ब. हिशोब एवढाच आहे. ती तलवार मोडत नाही, फक्त दमते आणि १० मिनिटांत परत ताजी होते. ती कोरोक जंगलात आहे आणि तिथं जायला लॉस्ट वुड्समधल्या धुक्यातनं जावं लागतं, धुक्यात शिरायच्या आधी मशाल हातात घ्या आणि ठिणग्या ज्या दिशेला उडतायत तिकडंच चालत राहा, वाऱ्याची दिशा बदलली की तुम्हीही बदला. धुकं दाटलं की एक पाऊल मागं या.

हार्ट आणि स्टॅमिनात चूक झाली असं वाटलं तर घाबरू नका. हातेनो गावाच्या कडेला शिंगं असलेली एक जुनी मूर्ती आहे, ती १०० रुपीला (रुपी म्हणजे गेममधले पैसे) तुमचा एक हार्ट किंवा स्टॅमिना विकत घेते आणि १२० रुपीला दुसरं देते. म्हणजे एक बदल २० रुपीत. तलवारीसाठी तात्पुरते १३ हार्ट करून, तलवार उपसून, परत स्टॅमिना करून घेणारे खूप आहेत, मीही तेच केलं.

आता कोरोक, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार कारण माझा जीव त्यांच्यावर आहे. हायरूलभर ९०० कोरोक लपलेत, पानाचं तोंड असलेली छोटी पोरं, सापडली की याहाहा म्हणून ओरडतात आणि एक बी देतात. त्या बिया हेस्टूला द्यायच्या, तो मोठा हिरवा गडी, ड्युएलिंग पीक्सच्या तबेल्याकडनं काकारिकोला जाणाऱ्या रस्त्यावरच उभा असतो, त्याचे माराका म्हणजे खुळखुळे बोकोब्लिन नावाच्या राक्षसांनी पळवलेले असतात, जवळच्या छावणीतनं ते आणून दिले की तो सामानाच्या जागा वाढवून देतो. तलवारीची पहिली जागा एका बीत मिळते, मग २, ३, ५, ८ अशी किंमत वाढत जाते. पहिल्या पाच जागा तलवारीच्याच घ्या, धनुष्य नंतर, ढाल सगळ्यात शेवटी.

कोरोक शोधायची नजर एकदा बसली की बसली. ज्या गोष्टीत मेळ नाही तिथं तो असतो. डोंगराच्या टोकावर एकच दगड, उचला. दगडांचं गोल कडं आणि त्यात एक दगड कमी, तर तो आसपास पडलेला शोधून आणून बसवा. पाण्यात कमळांचं गोल, वरनं त्यात उडी मारा. एक फूल, जवळ गेलं की गायब आणि पुढं दुसरं, त्याच्या मागं मागं जा. देवासारख्या छोट्या मूर्ती ओळीत, सगळ्यांसमोर सफरचंद आणि एकाची वाटी रिकामी, तर तुमच्याकडचं सफरचंद ठेवा. भाच्यानं पहिला अवघड कोरोक कसा सोडवला ते सांगतो. तीन सफरचंदाची झाडं एका ओळीत होती, तो त्याखालनं दहा वेळा गेला असेल. मी म्हणलं थांब, काय खटकतंय सांग. त्यानं स्क्रीन डोळ्याजवळ नेली आणि मोजायला लागला, एका झाडाला एकच सफरचंद, बाकीच्या दोघांना जास्त. वर चढून जास्तीची तोडली, तिन्ही झाडं त्याच जागी एकेक सफरचंदाची झाली आणि याहाहा. लाइट गेली होती घरातली तेव्हा, अंधारात त्याच्या तोंडावर स्क्रीनचा उजेड, आणि ते तोंड मी विसरणार नाही.

पण ९०० च्या मागं लागू नका. सामानाच्या सगळ्या जागा वाढवायला ४४१ बिया पुरतात, नऊशे जागा मुद्दाम ठेवल्यात त्या कुठल्याही दिशेला गेलं तरी काहीतरी सापडावं म्हणून. वाटेत दिसला तर घ्या, यादी हातात धरून शोधू नका, यादी धरली की तेच ठिकाण हजेरीचं काम होतं. ज्यांच्याकडं डीएलसी म्हणजे गेमची वेगळी विकत घ्यायची भर आहे त्यांना कोरोक मास्क मिळतो, कोरोक जवळ असला की तो हलतो, आणि हीरोज पाथ नावाची सोय आहे, मागच्या २०० तासांत तुम्ही कुठं कुठं चाललात त्याची हिरवी रेघ मॅपवर येते. ती बघून कळतं आपण कुठं कधीच गेलो नाही. मला कळलं की मी वर्षभर एका नदीच्या एकाच काठानं चालत होतो.

हत्यारांचं. छावणीतल्या काही पेट्यांना कुलूप असतं, आसपासचे सगळे शत्रू मारले की ती उघडते, आणि त्यात बहुतेक वेळा मारताना मोडलेल्या तलवारीपेक्षा बरं काहीतरी असतं, तेव्हा हिशोब बरोबर बसतो. तलवार मोडायला आली की इशारा येतो, तेव्हा ती शत्रूच्या अंगावर फेका, फेकून मोडली तर दुप्पट मार लागतो. ब्लड मून आला, आकाश लाल झालं, की मेलेले शत्रू परत येतात आणि बाहेर पडलेली हत्यारंही जागेवर परत येतात, म्हणून चांगलं हत्यार कुठं मिळालं ती जागा मॅपवर शिक्का मारून ठेवा. पेट्या मात्र एकदा उघडल्या की संपल्या. ब्लड मूनच्या रात्री साडेअकरा ते सव्वाबारा या वेळात जे शिजवाल ते जास्त चांगलं होतं, हार्ट जास्त किंवा वेळ जास्त, तेव्हा तो चांगला जिन्नस त्या वेळेसाठी ठेवा.

पाण्याजवळनं जाताना एक सवय लावा, मॅग्नेसिस चालू करून बघायचं. लोखंडी पेट्या लाल चमकतात, तळ्याच्या तळाशी असल्या तरी, वाळूत पुरलेल्या असल्या तरी. वरनं साधं डबकं आणि आत पेटी, असं कितीतरी वेळा. हातेनोच्या लॅबमध्ये तीन एन्शंट स्क्रू दिले की स्लेटमधला सेन्सर म्हणजे शोधयंत्र सुधारून सेन्सर प्लस होतो, मग ज्याचा फोटो काढाल ते शोधून देतो. पहिला फोटो पेटीचाच काढा.

आणि कानाला हेडफोन लावा. लांबनं अकॉर्डियन ऐकू आलं तर हातातलं काम सोडून तिकडं जा, कास नावाचा पक्ष्यासारखा गायक असतो, तो जे गातो त्यात लपलेल्या श्राइनची खूण असते. अशी ४२ श्राइनची कामं आहेत जिथं आधी बाहेरचं कोडं सोडवल्याशिवाय श्राइन दिसतच नाही. मला आतल्या कोड्यांपेक्षा हीच जास्त आवडतात.

पाऊस. आपल्याकडच्या पावसाइतकाच चिवट आहे. पावसात कडा ओला होतो आणि चार पावलं चढलं की घसरतो, स्टॅमिना वाया जातो. चिडून चढत राहू नका, खालनं वळसा घाला नाहीतर कपारीत शिरा, लाकूड आणि फ्लिंट टाकून शेकोटी करा आणि सकाळपर्यंत थांबा. विजा असल्या तर लोखंडाची तलवार, ढाल, धनुष्य सगळं अंगावरनं काढायचं, अंगातनं ठिणग्या यायला लागल्या म्हणजे वीज तुमच्यावरच येणार. चढताना स्टॅमिना संपत आला तर सामानाचं पान उघडा, गेम थांबतो, तिथल्या तिथं लटकत खाता येतं. एन्ड्युरा कॅरटसारखा एन्ड्युरा नावाचा एखादा जिन्नस शिजवलेला जवळ असू दे, चाक पूर्ण भरतं आणि वर पिवळं जास्तीचं मिळतं. मोठ्या कड्याच्या आधी सेव्ह करा, कुठंही करता येतं.

चार बीस्टपैकी आधी कुठला हे ज्याचं त्यानं ठरवावं पण फिरायची आवड असेल तर रिटो गावाकडचा मेडो. तो जिंकला की रेवालीज गेल मिळतो, जागेवर उभं राहून जंप दाबून धरलं की खालनं वारा येतो आणि सरळ वर उचलतो. सलग तीन वेळा, मग सहा मिनिटं विश्रांती. कड्याचा अर्धा रस्ता त्यानं कमी होतो. तिकडं थंडी आहे हे लक्षात ठेवा, गावातच उबदार कपडे विकत मिळतात.

पैसे म्हणजे रुपी, ते कपड्यांवर घाला. चार ग्रेट फेअरी आहेत, त्या कपडे मजबूत करून देतात, पण त्यांची झाकलेली फुलं उघडायला १००, ५००, १,००० आणि १०,००० रुपी लागतात, ज्या क्रमानं उघडाल त्या क्रमानं ही किंमत. खाणीतले दगड फोडत चला, विकून पैसे होतात. पण गार्डियनचे सुटे भाग विकू नका, स्क्रू, शाफ्ट, कोअर, हे सगळं नंतर लागतं आणि तेव्हा मिळत नाही.

इव्हेंटाइड बेटाबद्दल थोडंच सांगतो. मॅपच्या आग्नेय कोपऱ्यात समुद्रात एकटंच आहे. पाय ठेवला की तुमचं सगळं, तलवारी, कपडे, जेवण, काढून घेतात. भाचा तिथं पोचला तेव्हा त्याच्याकडं २० चांगली हत्यारं होती आणि एका सेकंदात अंगावर चड्डी. रडवेला झाला. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हणलं प्लॅटोवर काय होतं तुझ्याकडं. मग त्यानं फांदी उचलली, एक नारळ फोडला, वारा कुठनं येतोय बघितलं, रात्र व्हायची वाट बघितली आणि झोपलेल्यांची हत्यारं उचलली. दोन तास लागले. काम झालं की सगळं सामान परत मिळतं, काळजी नको. तिथं गेम तुम्हाला दाखवतो की इतक्या दिवसांत तुम्ही काय शिकलात, म्हणून व्हिडिओ बघून करू नका.

गॅनन म्हणजे शेवटचा खलनायक, त्याला हरवल्यावर गेम संपतो आणि परत चालू केला की तुम्ही त्याच्या आधीच्या सेव्हवरच असता, सेव्हवर एक तारा येतो एवढंच. म्हणजे शेवटची लढाई करून टाकली म्हणून फिरणं बंद होत नाही.

आणि रात्री कुठल्याही टॉवरवर असताना लांब एका डोंगरावर हिरवट उजेडाचा झोत वर जाताना दिसला, तो सातोरी माउंटन, तर बाकीच्या सगळ्या पिना सोडा आणि तिकडं निघा. तिथं जिन्नस इतके उगवतात की सामान भरतं, आणि वरती गुलाबी फुलांच्या झाडाखाली एक तळं आहे. तळ्याच्या अलीकडंच घोड्यावरनं उतरा, गुडघे वाकवून चाला, आवाज अजिबात करू नका.